शाब्ली, कालवं आणि न मोजलेला 'म्हणून'

गेल्या महिन्यात आमच्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. डिजॉनला पोस्टडॉक करणाऱ्या आमच्या एका सिनियर दादाने टाकलेला. तळहातावर एक पांढुरका दगड आणि त्या दगडात नखाएवढे, स्वल्पविरामासारखे वाकडे असंख्य शिंपले. खाली त्याने लिहिलं होतं: "शाब्लीच्या द्राक्षबागेतला दगड. ही १५ कोटी वर्षांपूर्वीची कालवं आहेत. वाईन या मातीतून येते, म्हणून तिला समुद्राची चव असते, म्हणून ती कालवांबरोबर पितात."

ग्रुपवर भराभर अंगठे उमटले. मीही एक दिला. वाक्य सुंदरच होतं. पण रात्री ते पुन्हा वाचलं आणि त्यातले दोन 'म्हणून' टोचायला लागले. कारण असाच एक 'म्हणून' मला माझ्या पीएचडीत रब्बीचा अख्खा हंगाम खाऊन गेला होता. ती गोष्ट शेवटी सांगते.

तुमच्यातले बरेच जण सध्या पेटच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असतील. तुमच्यासाठी आज ही एक फ्रेंच पांढरी वाईन सोडवून पाहू या. वाईन पिणं न पिणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. ही पोस्ट समजायला ती चाखलेली असायची गरज नाही. मी स्वतः आयुष्यात एकदाच, दोन घोट घेतलेत.

आधी ओळख

शाब्ली हे फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाचं, योन जिल्ह्यातलं एक छोटं गाव. पॅरिसपासून आग्नेयेला साधारण १८० किलोमीटर. गावातून सेरँ नावाची लहान नदी जाते आणि तिच्या दोन्ही तीरांवरच्या उतारांवर द्राक्षबागा आहेत. तिथे होणाऱ्या वाईनचं नावही शाब्लीच. फ्रान्समध्ये बहुतेक वाईन द्राक्षाच्या नावाने नाही तर गावाच्या नावाने ओळखली जाते. कुठली द्राक्षं, कुठली जमीन, कशी पद्धत, हे सगळं त्या नावाला कायद्याने बांधलेलं असतं. शाब्लीला हे संरक्षण १९३८ साली मिळालं. आपल्याकडच्या जीआय टॅगचा हा जुना आणि जास्त कडक भाऊ समजा.

शाब्लीचे चार दर्जे आहेत: पेती शाब्ली, शाब्ली, शाब्ली प्रीमिये क्र्यू आणि सगळ्यात वर शाब्ली ग्राँ क्र्यू. ग्राँ क्र्यूच्या बागा गावासमोर नदीच्या उजव्या तीरावरच्या एकाच टेकडीवर आहेत, नैऋत्येकडे तोंड करून. त्यांचे सात भाग पाडलेत. ही दिशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

द्राक्ष एकच: शार्दने. या द्राक्षाचं मूळ काय यावर लोक वर्षानुवर्षं अंदाज बांधत होते. १९९९ साली कॅरोल मेरेडिथ यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर डीएनए तपासून दाखवलं की शार्दने हे पिनो आणि ग्वे ब्लाँ या दोन जातींचं अपत्य आहे. पिनो म्हणजे खानदानी जात. ग्वे ब्लाँ इतकी हलकी मानलेली की ती लावायला अनेकदा बंदी घातली गेली. या जोडप्याची एकूण १६ अपत्यं त्या अभ्यासात सापडली. हा 'म्हणून' पक्का आहे, कारण तो मोजलेला आहे.

हवा थंड. इतकी थंड, की वसंतात कोंब फुटल्यावर दव गोठून ते जळायची भीती असते. तेव्हा शेतकरी रात्रभर ओळींमध्ये शेगड्या पेटवतात किंवा कोंबांवर तुषार सिंचनाने पाणी मारत राहतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि कोंब त्या बर्फाच्या आवरणात वाचतो. निफाडकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या आपल्याकडेही पेटतात.

थंड हवेत द्राक्ष पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल कमी जळतं, त्यामुळे रसात आंबटपणा टिकतो. त्यात शाब्लीची बरीचशी वाईन स्टीलच्या टाक्यांत होते, नव्या ओकच्या पिंपांत नाही. म्हणजे लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नाही. उरते ती हलकी, आंबटसर, धारदार वाईन. तिचं वर्णन करताना एक शब्द हमखास येतो: मिनरल. ओला दगड, चकमक, खडू, समुद्राची खारट हवा, सगळं या एका शब्दात कोंबलेलं.

आणि जमीन? तिला किमरिजियन म्हणतात, इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या किमरिज या गावावरून. तिथे त्याच काळातले थर आहेत. शाब्लीत या थरांत चुनखडी आणि चुन्याची चिकणमाती आलटून पालटून येते आणि तिच्यात एक्झोगायरा व्हर्ग्युला नावाच्या छोट्या कालवांचे जीवाश्म ठासून भरलेले आहेत. दादाचा फोटो शंभर टक्के खरा.

वाक्य सोडवून पाहू

रिसर्चमध्ये एखादं आकर्षक वाक्य समोर आलं की पहिलं काम, त्याचे तुकडे करायचे. दादाच्या वाक्यात निदान पाच दावे आहेत.

एक, शाब्लीच्या जमिनीत कालवांचे जीवाश्म आहेत.
दोन, त्या जीवाश्मांतलं काहीतरी मुळांतून द्राक्षात आणि द्राक्षातून वाईनमध्ये जातं.
तीन, ते जे काही जातं ते जिभेला किंवा नाकाला कळेल एवढं असतं.
चार, लोकांना जी 'समुद्राची' चव लागते ती त्याचीच.
पाच, ती चव सारखी असल्यामुळे शाब्ली आणि कालवं जुळतात.

पहिला दावा डोळ्यांनी दिसतो. शाब्ली आणि कालवं ही जोडी फ्रान्समध्ये खरोखर आवडीने खाल्ली-प्यायली जाते, हेही खरं. पण मधले तीन दावे? ते या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये चोरून बसलेत. दोन टोकं खरी दिसली की मधला पूलही खरा वाटतो. नवीन संशोधक सगळ्यात जास्त इथेच फसतो. मूर्ख असतो म्हणून नव्हे, दोन्ही टोकं खरी असतात म्हणून.

दगडापासून द्राक्षापर्यंत

वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे भूवैज्ञानिक ॲलेक्स मॉल्टमन यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला आणि २०१८ साली द्राक्षबागा, खडक आणि माती यांवर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की 'मिनरल' या एका शब्दाचे दोन अर्थ आपण एकमेकांत मिसळतो.

भूशास्त्रातलं खनिज म्हणजे कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी स्फटिकरूप संयुगं. ती पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत. झाडाच्या पोषणातलं खनिज म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचे आयन. मूळ दगड खात नाही, पाण्यात विरघळलेले आयन उचलते, तेही निवडून. मुळाशी आलेला कॅल्शियमचा आयन जुरासिक काळातल्या कालवाचा आहे, बाजूच्या चिकणमातीचा आहे की कुजलेल्या पानाचा, हे वेलीला कळायचा काही मार्ग नाही.

तिथून पुढे वाईनमध्ये किती उरतं? सगळी अजैविक द्रव्यं मिळून लिटरमागे साधारण दीड ते तीन ग्रॅम, त्यातलं सर्वांत जास्त पोटॅशियम. आणि यातल्या बहुतेकांना त्या प्रमाणात स्वतःची अशी ओळखू येणारी चव नसते. वास तर नाहीच, कारण वास यायला पदार्थ हवेत उडावा लागतो आणि चुनखडी हवेत उडत नाही.

इथे एक बारीक फरक सांगते. जमिनीचा ठसा वाईनमध्ये अजिबात उतरत नाही, असं मी म्हणत नाहीये. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर मोजून वाईन कुठल्या भागातली आहे हे तपासण्याची पद्धत आहे आणि भेसळ शोधायला तिचा उपयोग होतो. पण यंत्राला मोजता येणं वेगळं आणि जिभेला चव लागणं वेगळं. दावा दोन थोडाफार खरा असू शकतो आणि तरीही दावा तीन खोटा असू शकतो. तुकडे करण्याचा फायदा हाच.

जमिनीचं महत्त्वही यातून संपत नाही. बोर्डोचे जेरार सेगँ यांनी तिथल्या बागांच्या अभ्यासातून दाखवलं की चांगल्या बागांमध्ये समान धागा मातीतल्या अन्नद्रव्यांचा नव्हता. धागा होता पाण्याचा, म्हणजे जमीन पाणी किती धरते आणि किती सोडते याचा. किमरिजियन जमिनीत चुनखडी निचरा करते आणि चिकणमाती ओल धरून ठेवते. त्यात ग्राँ क्र्यूची टेकडी नैऋत्येकडे तोंड करून, म्हणजे ऊन जास्त. आता ती वाईन वेगळी लागली तर श्रेय कोणाला द्याल? जीवाश्माला, निचऱ्याला की उन्हाला? तिन्ही एकाच उतारावर एकत्र नांदतात. याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो. शेतावर, हॉस्पिटलात, शाळेत, कुठेही डेटा गोळा करणार असाल तर हा पाहुणा न बोलावता येणारच.

यावर उपाय म्हणजे तुलना. तोच किमरिजियन पट्टा पुढे सांसेरमध्येही आहे आणि शँपेनच्या दक्षिणेला ओब जिल्ह्यातही. सांसेरमध्ये त्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लाँ लावतात. तिथली प्रसिद्ध जोडी आहे ती शाव्हिन्योल गावच्या बकरीच्या दुधाच्या चीजशी. ओबमध्ये त्या जमिनीवर मुख्यतः पिनो न्वार आहे आणि त्याची शँपेन होते. दगड तोच, जीवाश्मांचा काळ तोच, पण द्राक्ष, पद्धत आणि ताट बदललं की गोष्टही बदलते. गंमत म्हणजे नाशिकच्या वाईनला कोणी बेसाल्टची चव आहे असं म्हणत नाही. आपल्या काळ्या दगडात शिंपले नाहीत, म्हणून सांगायला गोष्ट नाही.

मग ओल्या दगडाचा वास येतो कुठून?

आता तुम्ही म्हणाल, दगडाला वास असतोच की! लहानपणी पाटीवर पाणी फिरवून पुसायचो तेव्हा कसला वास यायचा?

याचं उत्तर आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत आहे. मृद्गंध. १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. कोरड्या दगड-मातीवर साठलेली वनस्पतिजन्य तेलं आणि मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन पावसाने मोकळं होतं, त्याचा हा वास. पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी आपल्या नाकाला कळतं. कन्नौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. म्हणजे वास मातीवरचा आहे, मातीतल्या खनिजाचा नाही.

धातूचंही तसंच. घामेजल्या हातात नाणी धरली की जो 'लोखंडी' वास येतो तो लोखंडाचा नसतो. २००६ साली एका गटाने दाखवलं की लोहाचे आयन आपल्या त्वचेवरच्या तेलाशी क्रिया करतात आणि त्यातून तयार होणाऱ्या संयुगांचा तो वास असतो. त्यातलं एक मुख्य संयुग म्हणजे १-ऑक्टेन-३-ओन. हे नाव लक्षात ठेवा.

वाईनमधल्या चकमकीच्या वासाचं गूढ बोर्डोच्या ताकातोशी तोमिनागा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली बरंचसं उलगडलं. शार्दने आणि सोव्हिन्योंसारख्या काही वाईनमध्ये त्यांना बेंझीनमिथेनथायॉल हे गंधकयुक्त संयुग सापडलं. त्याचा वास चकमक झाडल्यासारखा आणि प्रमाण नॅनोग्रॅममध्ये. कार्बन आणि गंधक असलेला हा सेंद्रिय रेणू आहे. तो दगडाचा तुकडा नक्कीच नाही.

पण जाणकारांना चव लागते त्याचं काय?

लागते, आणि त्यांना खोटं पाडणं हे आपलं काम नाही. प्रश्न एवढाच, की 'मिनरल' म्हणताना सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात का?

डिजॉनचे जॉर्डी बॅलेस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली बर्गंडीच्या शार्दनेवर हेच तपासलं. जाणकारांना मिनरलपणा मोजायला सांगितला. त्यांच्यात एकमत दिसलं नाही, गट पडले. म्हणजे शब्द एक, पण प्रत्येकाच्या डोक्यातली पट्टी वेगळी. तुमच्या प्रश्नावलीत 'समाधानी', 'आधुनिक', 'जागरूक' असले शब्द असतील तर इथे जरा थांबा.

दुसरा धडा २००१ सालचा. बोर्डोमध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियु यांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. रंगवलेल्या ग्लासाचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाईनसाठी वापरायचे शब्द वापरले. विद्यार्थी अडाणी होते असा याचा अर्थ नाही. डोळ्यांना जे कळलं त्याने नाकाचे शब्द बदलले, एवढंच. आता विचार करा, हातात जीवाश्माचा दगड देऊन कोणी वाईन चाखायला दिली तर समुद्राची चव लागणार नाही तर काय!

मग सगळा भासच का? नाही, आणि हाच मला सगळ्यात आवडलेला भाग. २०१७ साली हेबर रॉड्रिग्ज, बॅलेस्टर आणि सहकाऱ्यांनी सेरँ नदीच्या डाव्या आणि उजव्या तीरावरच्या शाब्ली जाणकारांकडून तपासून घेतल्या आणि त्यांचं रसायनही मोजलं. नुसता वास घेतला तेव्हा डाव्या तीरावरच्या वाईन जास्त मिनरल वाटल्या. त्यांच्यात मिथेनथायॉलचं प्रमाण जास्त होतं. या गंधकयुक्त संयुगाचा वास शिंपल्यांच्या वासाशी जोडला गेला. उजव्या तीराच्या वाईनमध्ये तांबं जास्त होतं, आणि तांबं अशा गंधकयुक्त संयुगांना धरून ठेवतं.

किमरिजियन दगड दोन्ही तीरांवर आहे, तरी फरक आला. आणि तांबं म्हटलं की द्राक्षवाल्या घरातल्या मुलांना काय आठवेल? बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना. केवडा रोगासाठी तिकडेही फवारतात, इकडेही फवारतात. वाईनमधलं तांबं फवारणीचं, मातीतलं की तळघरातल्या प्रक्रियेचं, हा पुन्हा वेगळा प्रश्न. पण बघा, आपण 'जीवाश्माची चव' यापासून 'मिथेनथायॉल किती, तांबं किती' इथवर आलो. आता प्रश्न मोजता येण्याजोगा झाला.

मग कालवांबरोबर का जुळते?

आपण तळलेल्या बांगड्यावर लिंबू का पिळतो? माशांचा वास बराचसा ट्रायमिथिलअमाईनसारख्या अमाईनचा असतो. ते अल्कधर्मी असतात. आम्ल मिळालं की त्यांचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडत नाहीत, वास दबतो. कोकणातलं कोकम हे कामही करतं आणि चवही देतं. फ्रान्समध्ये कालवं बहुधा कच्ची खातात, लिंबू पिळून. आंबट शाब्ली त्याच कामाला हात लावते. शिवाय तिच्यात टॅनिनचा तुरटपणा आणि लाकडाचा वास जवळजवळ नसल्यामुळे कालवाची नाजूक चव झाकली जात नाही.

याच कारणाने ती बाकी ताटातही बसते. लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, चीज घातलेले गुजेर नावाचे फुगीर गोळे, शाऊर्ससारखं मऊ चीज, साध्या भाजलेल्या माशाचा तुकडा. खारट किंवा स्निग्ध पदार्थ आणि त्याला कापणारा आंबटपणा, हे त्यामागचं सूत्र. ग्राँ क्र्यू काही वर्षं मुरली की भारदस्त होते, मग ती सायीच्या रश्शातल्या कोंबडीबरोबर किंवा लॉबस्टरबरोबर घेतात. आपल्या मालवणी कालवांच्या तिखट सुक्यासमोर मात्र ती बिचारी गप्प बसेल, असा माझा अंदाज. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही.

आता एक उत्तम प्रयोग बघा. जपानमध्ये ताकायुकी तामुरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रश्न विचारला: काही वाईनबरोबर समुद्री खाणं खाल्लं की तोंडात हिवस चव का उरते? त्यांनी सुकवलेल्या स्कॅलॉप या शिंपल्यांबरोबर बऱ्याच लाल-पांढऱ्या वाईन तपासल्या. हिवसपणा आणि वाईनमधलं लोह बरोबरीने वाढताना दिसलं.

बरेच पेपर इथेच संपतात. सहसंबंध मिळाला, 'म्हणून' लिहून टाकला. हे लोक थांबले नाहीत. त्यांनी वाईनसारख्या कृत्रिम द्रावणात मुद्दाम लोह घातलं, हिवसपणा वाढला. मग लाल वाईनमध्ये लोहाला बांधून टाकणारं रसायन घातलं, हिवसपणा कमी झाला. शिवाय वाईनमध्ये भिजवलेल्या शिंपल्यांतून कोणती संयुगं बाहेर पडतात तेही पाहिलं. त्यातलं एक होतं १-ऑक्टेन-३-ओन. आपलं नाण्याचं संयुग!

सोबत दिसतं का? घातल्यावर वाढतं का? काढल्यावर कमी होतं का? मध्ये काय घडतं ते दाखवता येतं का? या चार पायऱ्या चढल्यावरचा 'म्हणून' वजनदार असतो. आणि उपरोध बघा, समुद्री जेवणात खनिजाची भूमिका खरोखर सिद्ध झाली ती बिघडवणाऱ्याची.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह नीट मिळत नाही, पानं पिवळी पडतात. सांगली-नाशिकच्या शेतकऱ्यांना हे पाठ आहे. शाब्लीतही म्हणूनच चुना सोसणारे खुंट वापरतात. मग असं म्हणू का: चुनखडी, म्हणून वेलीत लोह कमी, म्हणून वाईनमध्ये लोह कमी, म्हणून कालवांबरोबर हिवसपणा नाही? ऐकायला छान आहे. पण ही साखळी मी आत्ता टेबलाशी बसून जोडलीय. वाईनमध्ये लोह भांड्यांतून येतं, द्राक्षांवरच्या धुळीतूनही येतं. प्रत्येक कडी तपासायला तुम्ही काय मोजाल, तुलनेला काय घ्याल, ते वहीत लिहून बघा. मुलाखतीची यापेक्षा चांगली तयारी मला माहीत नाही.

माझा 'म्हणून'

माझा विषय ज्वारीच्या दाण्यातलं जस्त. दुसऱ्या वर्षाच्या सादरीकरणात मी मोठ्या हौसेने आलेख दाखवला. मातीत जस्त जास्त त्या शेतातल्या दाण्यातही जास्त. रेषा सुरेख चढत होती. खाली मी लिहिलं होतं, 'म्हणून मातीतलं जस्त वाढवल्यास दाण्यातलं जस्त वाढेल.'

समितीतल्या एका मॅडम म्हणाल्या, "अगं, आलेख छान आहे. पण यातला 'म्हणून' तू कुठे मोजलास?"

मी गडबडले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: या सगळ्या शेतांत वाण एकच होता का? मी वही उघडली. वाणाचा रकानाच नव्हता. गावांत फोन केले तेव्हा कळलं की जस्त जास्त असलेली बरीच शेतं ओलिताची होती आणि तिथे वेगळा वाण पेरला होता. दाण्यातला फरक मातीचा, पाण्याचा की वाणाचा, माझ्या डेटातून सांगता येत नव्हतं. रब्बीची ज्वारी वर्षातून एकदाच येते. पुढच्या रब्बीपर्यंत थांबून, एकच वाण, जस्त घातलेले आणि न घातलेले वाफे, असं सगळं पहिल्यापासून केलं. फेलोशिपचं घड्याळ त्या काळात थांबत नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी हॉस्टेलवर मी रडले. राग मॅडमचा नव्हता. तो प्रश्न मला स्वतःला सुचायला हवा होता आणि रेषा इतकी सुंदर होती की मी तिला प्रश्न विचारायचं विसरले, याचा राग होता.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. काहीही लिहून झालं की प्रिंट काढते आणि लाल पेनने प्रत्येक 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' याला गोल करते. मग प्रत्येक गोलाशेजारी लिहिते: मोजलं, कोणीतरी मोजलंय, की नुसतं वाटतंय. तिसऱ्या प्रकारचे गोल खोडायचे नाहीत. तिथेच आपला पुढचा प्रयोग असतो. तुमच्या सिनॉप्सिसवर आज रात्री एकदा करून बघा, आणि वाणाचा रकाना विसरू नका.

दादाला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "बरं बाई. पण मला अजूनही समुद्र लागतो."

मी लिहिलं, लागू दे की. पुढच्या वेळी कोणाला तरी ग्लास भरायला सांग, बाटली झाकून, आणि सांसेरही ठेव शेजारी. मग सांग.

अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथे टाकेन.